बुडालेल्या राज्याचं आडनाव

टॅन, चान, चिन, त्रान. कानाला ही चार आडनावं वाटतात, पण चिनी लिपीत चारींचं अक्षर एकच आहे. चीनच्या फुच्येन प्रांताच्या दक्षिणेतून आलेले होक्कियन लोक आणि त्यांच्या शेजारचे तेओच्यू ते 'टॅन' म्हणतात, कँटनीज बोलणारे 'चान', हक्का लोक 'चिन', व्हिएतनामी माणसं 'त्रान' आणि मँडरिनमध्ये ते होतं 'चेन'. सिंगापूरच्या चिनी लोकांत सर्वांत जास्त आढळणारं आडनाव हेच, टॅन या रूपात. आमच्या मजल्यावरच्या आंटींच्या ओळखपत्रावरही टॅनच आहे, पण मँडरिनमध्ये ओळख करून देताना त्या चेन होतात आणि पुढे लगेच सांगतात, "कान-पूर्व चेन". अक्षराचा डावा भाग 'कान' या अक्षरासारखा दिसतो आणि उजवीकडे 'पूर्व' असतं, म्हणून तशी ओळख सांगायची इथली रीतच आहे.

हे आडनाव एका राज्याचं. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात चौ घराण्याने शांग राजांचा पाडाव केला. त्यानंतर चौच्या वू राजाने मान नावाच्या एका माणसाला आजच्या हनान प्रांतातला चेन हा मुलूख दिला आणि आपली थोरली मुलगीही दिली. मान हा प्राचीन शुन सम्राटाचा वंशज मानला जाई. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की मानचे वडील चौ दरबारी मातीची भांडी घडवणाऱ्या कारागिरांचे प्रमुख होते. पुढे टिकून राहिलेल्या या घराण्याचा उदय अशा कामाच्या माणसापासून झाला. मानची राजधानी होती आजच्या हुआइयांगजवळ, आणि त्याची समाधीही तिथेच दाखवतात. जगभरचे चेन तिथे दर्शनाला जातात.

राज्य काही फार बलाढ्य नव्हतं. मोठ्या शेजाऱ्यांच्या कचाट्यात ते सापडलं होतं आणि इसवी सनापूर्वी ४७८ च्या सुमारास चू राज्याने ते गिळलं. कन्फ्यूशियस आपल्या भटकंतीत इथे राहिला होता, आणि चेन व त्साय या राज्यांच्या सीमेवर तो आणि त्याचे शिष्य उपाशी अडकून पडले होते, ती घटना याच्या थोडी आधीची. राज्य गेल्यावर तिथल्या माणसांनी त्याचं नाव आडनाव म्हणून धरून ठेवलं. घराण्याची एक शाखा तर इसवी सनापूर्वी ६७२ मध्येच छी राज्यात पळून गेली होती. तिथे त्या राजपुत्राला कारागिरांवर देखरेखीचं काम मिळालं, त्याचे वंशज त्येन म्हणवू लागले आणि इसवी सनापूर्वी ३८६ मध्ये त्यांनी छीचं सिंहासनच घेतलं. आश्रयाला आलेल्यांच्या हाती यजमानाचं राज्य गेलं. पुढे इसवी सन ५५७ ते ५८९ या काळात दक्षिण चीनवर चेन नावाचंच राजघराणं होतं. राजाचं आडनाव आणि घराण्याचं नाव एकच, असं चीनच्या इतिहासात एरवी दिसत नाही.

राजांपेक्षा मला ओढ लागली ती च्यांगशी प्रांतातल्या 'धर्मनिष्ठ दारच्या चेन' कुटुंबाची. सुंग काळाच्या अधिकृत इतिहासात त्यांची नोंद आहे. अनेक पिढ्या घर न वाटता सातशे माणसं एकत्र राहत आणि एकाच दालनात पंगतीला बसत. घरचे शंभरावर कुत्रे एकाच कुंडात खात, आणि एक जरी आला नाही तरी बाकीचे तोंड लावत नसत. पुढे माणसं हजारोंच्या घरात गेली. १०६२ मध्ये बादशहाच्या हुकमाने हे कुटुंब वाटलं गेलं आणि त्यांना देशभर पांगवलं, असं चेन वंशावळी सांगतात. इतकी मोठी एकजूट दरबाराला खटकली असावी, असं मला वाटतं.

दक्षिणेत हे आडनाव पसरलं त्याचं एक मोठं कारण तांग काळातलं. ६६९ मध्ये दक्षिण फुच्येनमधला उठाव मोडायला सैन्य गेलं. सेनापतीच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा चेन युआनक्वांग याने सूत्रं घेतली आणि ६८६ मध्ये चांगचौ हा नवा जिल्हा उभा राहिला. ७११ मध्ये तो लढाईत मारला गेला. पुढे लोकांनी त्याला देव केलं, 'चांगचौ वसवणारा पुण्यराजा'. ज्या डोंगरी लोकांविरुद्ध तो लढला त्यांच्या आठवणी अर्थातच वेगळ्या असणार, आणि देवळात उभं राहताना तेही मनात ठेवावं.

हा देव फुच्येनच्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून सिंगापूरला आला. मॅगझिन रोडवर १८७८ मध्ये पूर्ण झालेलं 'टॅन सी चोंग सू' हे त्याचं देऊळ आणि टॅन कुळाचं पूर्वजमंदिर आहे. ते बांधणाऱ्यांपैकी एक टॅन किम चिंग, सयामशी तांदळाचा मोठा व्यापार असलेला. त्याचे वडील टॅन टॉक सेंग मलाक्काहून आले होते. भाजीपाला विकून सुरुवात केली आणि पुढे गरिबांच्या रुग्णालयासाठी पैसे दिले. १८४४ मध्ये पायाभरणी झालेलं ते रुग्णालय आज इथल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी आहे. बेवारस चिनी मजुरांच्या अंत्यविधीचा खर्चही टॅन टॉक सेंग करत.

जहाजातून उतरलेल्या एकट्या मजुराला ओळख, काम, पडायला जागा आणि मेल्यावर खांदा, हे सगळं अशा समान आडनावाच्या मंडळींकडून मिळे. सगळे एकाच मानचे वंशज आहेत का, हे कोणी तपासत बसत नसे. ग्वांगचौमध्ये तर क्वांगतुंग प्रांताच्या ७२ तालुक्यांतल्या चेन मंडळींनी वर्गणी काढून १८९४ मध्ये भव्य पूर्वजमंदिर पूर्ण केलं आणि त्याला नाव दिलं विद्यालयाचं, कारण इतक्या कुळांनी एकत्र येणं छिंग सरकारला नको होतं. गावाकडून परीक्षेला आलेली कुळातली मुलं तिथे उतरत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपलं नाव आजोबा-पणजोबांच्या खाली लिहिलं जातं, तिथे रक्ताचा धागा दाखवावा लागतो. इथे अक्षर पुरत होतं. नातं मानायचं ठरवलं की ते पाळायचंही, हा त्या माणसांचा निर्णय मला वंशाच्या शुद्धतेपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आणि काहींनी ही मर्यादाही ओलांडली. रबराच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या टॅन काह की यांनी १९१९ मध्ये सिंगापुरात सुरू केलेल्या माध्यमिक शाळेत कोणत्याही बोलीचा, कोणत्याही कुळाचा चिनी मुलगा शिकू शकत होता. १९२१ मध्ये त्यांनी श्यामन विद्यापीठ काढलं आणि धंदा डबघाईला आला तरी त्याचा खर्च चालू ठेवला. त्या शाळेजवळच्या मेट्रो स्थानकाला आज त्यांचं नाव आहे. सिंगापूरला आलात तर मॅगझिन रोडचं देऊळ सकाळी पाहा, क्लार्क की स्थानकापासून चालत जाता येतं. दारातल्या खांबांवर कोरलेले ड्रॅगन जवळून बघायला विसरू नका.