आवाजाची तालीम

कोल्हापूरच्या पोराला मुंबईच्या ऑडिशनमध्ये "बोलण्यात हेल आहे" म्हणून परत पाठवतात. अशा प्रत्येकाला हॉलिवूडचा नट सिडनी प्वाटिए माहीत असायला हवा.

जन्म 1927, मायामीत. आईवडील तिथं टोमॅटो विकायला गेले होते. वाढला मात्र बहामाजमधल्या कॅट आयलंडवर. पोरवयात न्यूयॉर्क गाठून हॉटेलात भांडी घासू लागला. हार्लेममधल्या अमेरिकन निग्रो थिएटरमध्ये चाचणी द्यायला गेला, तर वाचताना अडखळला आणि उच्चार बेटावरचे. भांडीच घास जा, असं सांगून त्याला बाहेर काढलं.

त्यानं रेडिओ घेतला. निवेदक जसं बोलेल तसं मागून म्हणायचं, हे सहाएक महिने चाललं. हॉटेलातला एक वयस्क ज्यू वेटर काम संपल्यावर त्याला वर्तमानपत्र वाचायला शिकवायचा. मग पुन्हा त्याच थिएटरच्या दारात. झाडलोट करतो, पण शिकू द्या म्हणाला!

ही तालीम आजही लागू पडते. आकाशवाणीच्या बातम्यांतलं एक वाक्य तीनदा ऐका, म्हणा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. रोज पंधरा मिनिटं पुरे, पण खाडा नको. आपल्याकडं वाक्याचं शेवटचं अक्षर लांबतं आणि "पाणी"चं "पानी" होतं, तिथं कान ठेवा. निवेदकाची चाल मात्र उचलू नका, नाहीतर प्रत्येक संवाद बातमीसारखा वाजतो. उच्चार घ्यायचा, सूर आपलाच ठेवायचा. आणि आपलं कोल्हापुरी "काय करालैस" विसरायचं नाही. उद्या गावाकडची भूमिका आली तर तेच भांडवल.

1950 मध्ये त्याला पडद्यावर डॉक्टरची भूमिका मिळाली. 1958 च्या कामासाठी ऑस्करचं नामांकन आणि 1964 मध्ये प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर, हे मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष.

पण कॅमेऱ्यालाही त्याचा चेहरा शिकावा लागला. 1967 च्या 'इन द हीट ऑफ द नाइट'मध्ये छायालेखक हॅस्केल वेक्सलरनं प्रकाश बेतला तो प्वाटिएची त्वचा लक्षात घेऊन. तोवर रंगीत चित्रपटांत दिवे लागायचे ते गोऱ्या नटांच्या हिशोबानं. सावळ्या चेहऱ्यावर समोरून झगझगीत दिवा मारला की कपाळ आणि नाक चमकतं, गालांचे उतार हरवतात.

इथल्या शॉर्टफिल्मवाल्यांनी हे नक्की पाळावं. दिवा थेट मारू नका, पांढऱ्या थर्माकोलवर मारून बाजूनं परतवा. घाम टिपायला कागदी रुमाल हाताशी हवा. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावर धरा, सदऱ्यावर नाही. नट पांढऱ्या सदऱ्यात असला तर कॅमेरा ऑटोवर सदरा सांभाळतो आणि चेहरा काळोखात जातो. त्यापेक्षा सदरा बदामी रंगाचा द्या.