ग्रिनिच ते थेम्स बॅरिअर: चालू धक्क्यांमधून जाणारी पायवाट

लंडनच्या पूर्व भागात, थेम्स नदीच्या दक्षिण काठाने थेम्स बॅरिअरपर्यंत, म्हणजे नदीतल्या पूर अडवणाऱ्या दरवाजांपर्यंत, जाणारा हा टप्पा साधारण साडेसहा किलोमीटरचा. थांबत थांबत अडीच तास धरा. कटी सार्क जहाजापासून निघा, नदी डाव्या हाताला ठेवा. आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि ओहोटी गाठा. इथे पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं. भरतीत निम्मी गंमत बुडालेली असते.

वीजकेंद्र आणि त्याचा जुना कोळशाचा धक्का मागे टाकला की एंडर्बी धक्का येतो. समुद्राखालच्या संदेशवहनाच्या केबली जहाजावर चढवणारं यंत्र तिथे अजून उभं आहे. या भागात बांधकामं चालतात आणि वाट मधूनच आतल्या रस्त्यावर वळवली जाते. वळणाची पाटी चुकली तर ट्रकच्या रस्त्यावर जाल, म्हणून नकाशा हाताशी असू द्या.

नदीच्या वळणातल्या ग्रिनिच द्वीपकल्पाच्या टोकाला कठड्यावरून खाली जरूर वाका. पूररोधक भिंत मागे सरकवून तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांचे टप्पे केलेत. ओहोटीत दिसतं: खालच्या टप्प्यावर गाळ साचलाय, वरच्यावर लव्हाळे दाट वाढलेत. नदीकाठ विकसित करणाऱ्यांनी पाहावं ते हेच. सरळ उभ्या पत्र्याच्या भिंतीवर गाळ टिकत नाही, मग झाडोराही नाही.

खरा धडा मात्र अँगरस्टाइन आणि मर्फी धक्क्यांवर मिळतो. समुद्रतळातून उपसलेली वाळू-खडी इथे उतरते आणि डोक्यावरच्या कन्व्हेयरवरून, म्हणजे सरकत्या पट्ट्यावरून, आवारात जाते. माणसं खालून चालतात. पायवाटेसाठी धंदा हलवावा लागला नाही. उलट नियोजनात हे धक्के राखीव आहेत, त्यांच्या जागी घरं बांधायला सहज परवानगी मिळत नाही. असं काही करायचं असेल तर पट्ट्याखाली नुसती जाळी पुरत नाही. ओली वाळू झिरपते, सलग पत्रा आणि पन्हळ हवी. फरशीचा उतार नदीकडे ठेवला तर बारीक वाळू धुऊन जाते, नाहीतर सायकली घसरतात.

सायकलवाले याच वाटेने येतात. आंधळ्या वळणांवर डावीकडे राहा. वारा बोचरा असतो. दमलात तर अर्ध्यावर नॉर्थ ग्रिनिच स्टेशन आहे. शेवटी बॅरिअरजवळच्या भिंतीवर उगमापासून समुद्रापर्यंत थेम्सचा उतार कोरलाय, तो बोटाने वाचत जा. तिथून चार्ल्टन स्टेशन चालत वीसेक मिनिटांवर.