कलर लेझरचा टोनर बदलला, माझा अनुभव

लग्नसराईत आमच्या डीटीपीच्या दुकानात मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि यलो टोनर धडाधड संपतात. पत्रिका म्हटली की लाल आणि भगवा आलाच, आणि लेझर प्रिंटरात लाल रंगाची वेगळी पावडर नसतेच, मॅजेंटा न यलो एकावर एक बसून लाल होतो. सायन (निळा) आपला निवांत. त्यामुळे चारही रंगांचा सेट घ्या असं विकणारा कितीही म्हणाला तरी मी सुटेच घेतो.

यावेळी स्क्रीनवर मॅजेंटा लो आलं तरी लगेच बदलला नाही, लो म्हणजे संपला असं नसतं, बरीच पानं निघतात. पण मग लाल गणपती नारिंगी यायला लागला तेव्हा म्हटलं आता बास. इंजिनिअर म्हणाला सोमवारी बघतो, गिऱ्हाईक तर समोर बसलेलं, मग काय, मीच बदलला.

आधी पंखा बंद. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण टोनर म्हणजे शाई नाही, प्लॅस्टिकची पावडर आहे, एकेक कण काही मायक्रॉनचा, उडाली तर नाकात जाते. टेबलावर रद्दी पेपर पसरले, मशीन थोडं थंड होऊ दिलं, आतला फ्यूझर, म्हणजे पावडर कागदावर चिकटवणारा भाग, दोनशे डिग्रीच्या आसपास तापलेला असतो, तिकडे हात न्यायचाच नाही. बटण मात्र चालूच ठेवलं कारण आमच्या मॅन्युअलमध्ये तसंच दिलंय, तुमचं मॉडेल वेगळं असेल तर तुमचं मॅन्युअल बघा.

पुढचं कव्हर उघडून ट्रे ओढला, जुना कार्ट्रिज, म्हणजे पावडरचा डबा, हळूच आडवाच काढला आणि लगेच पिशवीत घालून तोंड बांधलं. नवा मात्र शेवटपर्यंत पाकिटातच ठेवायचा, कारण आमच्यात ड्रम (ज्याच्यावर आधी चित्र उमटतं तो रूळ) कार्ट्रिजलाच जोडलेला येतो आणि त्याला उजेड चालत नाही. पाकीट फोडून दोन्ही हातांनी आडवा धरून डावीकडे-उजवीकडे पाच-सहा वेळा हलवला, पावडर सारखी पसरते. मग सील पट्टी. ती सरळ रेषेत, एका दमात पण सावकाश ओढायची, तिरकी ओढली तर आतच तुटते न मग तो कार्ट्रिज उघडत बसा. ड्रमच्या चकचकीत भागाला आणि चिपला बोट लावायचं नाही. रंगाचं लेबल बघून खाचेत बसवला, कट्ट आवाज आला, झालं.

थोडी पावडर मनगटावर आलीच. थंड पाण्यानेच धुवायची, गरम पाणी नको, उष्णतेने ती मऊ पडते न चिकटते, फ्यूझर कागदावर हेच तर करतो. कपड्यावर पडली तर आधी कोरडी झटकायची. टेबलावरची ओल्या फडक्याने टिपली. घरचा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका, एवढे बारीक कण त्याच्या फिल्टरमधून पार होऊन खोलीभर उडतात.

कव्हर लावल्यावर मशीनने स्वतःच कॅलिब्रेशन केलं, म्हणजे रंग जुळवून घेतले, एक टेस्ट पेज काढलं, लाल परत लाल.

जुना कार्ट्रिज नव्याच्या खोक्यात भरून ठेवलाय. भंगारवाला म्हणाला द्या, नाही दिला, ते लोक जाळतात आणि ही पावडर पेट घेते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही धरलेत, सो पुढच्या वेळी ई-कचऱ्याची गाडी आली की देणार, तोवर माळ्यावर.