वॉशिंग्टनांचा सातबारा

घराण्यांची कुलचिन्हं आणि वंशावळी सांभाळणारं एक जुनं दप्तर लंडनला आहे. त्याचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांकडे त्यांच्या घराण्याची चौकशी केली. १७९२ च्या मे महिन्यात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी उत्तर धाडलं. या विषयाकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही, असं त्यांनी लिहिलं. पणजोबा जॉन आणि त्यांचे भाऊ लॉरेन्स १६५७ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेकडून कुठूनसे आले, एवढंच त्यांना सांगता आलं. त्यात तारीख बरोबर निघाली, दिशा मात्र चुकली. जॉनचे वडील एसेक्स परगण्यातल्या पर्ली गावचे पाद्री होते, म्हणजे लंडनच्या पूर्वेला. शिवाय १६४३ मध्ये, यादवीच्या धामधुमीत, दारूच्या गुत्त्यात जाऊन बसतात असा ठपका ठेवून त्यांना तिथून काढलेलं होतं. असली गोष्ट पणतवापर्यंत पोचली नसेल तर नवल नाही. आपल्याकडेही पणजोबांच्या मागचं नाव आठवेनासं होतं आणि वारसनोंदीची वेळ आली की ते तलाठ्याच्या फेरफारात सापडतं.

हर्ड साहेबांनी स्वतःच शोध घेतला. त्यांना जॉन आणि लॉरेन्स या नावांची भावांची एक जोडी सापडली आणि त्यांनी तीच अमेरिकेला जोडून दिली. पुढे १८६६ मध्ये चेस्टर नावाच्या अभ्यासकाने दाखवलं, की त्यातला जॉन 'सर' झालेला होता आणि लॉरेन्स पाद्री होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत तंबाखू लावणारे हे दोघे नव्हेत. १८८९ मध्ये हेन्री वॉटर्स यांनी तो गुंता सोडवला. हर्ड यांच्या जोडीतला पाद्री लॉरेन्स हा त्या परदेशी गेलेल्या भावांचा बाप होता. एका पिढीची चूक! नातवाला आजोबांचं नाव ठेवणाऱ्या घराण्यांत ती हमखास होते, आणि नाव जुळलं की शोध थांबवणारे लोक ती हमखास करतात.

म्हणून वंशावळीचे जाणकार नावाआधी जमीन धरतात. माणूस मरतो, नाव पुन्हा येतं, ओढा मात्र तिथंच असतो.

जॉर्जचा पणजोबा जॉन वॉशिंग्टन तंबाखूच्या व्यापारी जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून आला. परतीचा माल भरलेलं ते जहाज पोटोमॅक नदीत रुतून बुडालं आणि जॉन तिथंच राहिला. या घटनेचं साल जुन्या कागदात १६५६ आणि नव्या पुस्तकात १६५७ दिसेल. दोन्ही खरी आहेत, कारण इंग्रजांचं वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलत असे. जानेवारी ते मार्चच्या तारखेला दोन्ही सालं तिरक्या रेघेने लिहावीत; नाहीतर एखादं मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मल्यासारखं दिसतं.

नॅथॅनियल पोप या जमीनदाराची मुलगी अॅन हिच्याशी जॉनचं लग्न झालं आणि सासऱ्यांनी मॅटॉक्स ओढ्याकाठची ७०० एकर जमीन दिली. थोरला मुलगा लॉरेन्स १६५९ मध्ये जन्मला, हे आपल्याला कळतं ते एका खटल्यामुळे. त्याच जहाजाच्या मालकाने प्रवासात एका बाईला चेटकीण ठरवून फाशी दिल्याची तक्रार जॉननेच केली होती. साक्षीची तारीख आली तेव्हा त्याने कळवलं, की मुलाच्या बाप्तिस्म्याचं आवतण सगळ्यांना गेलेलं आहे, येणं जमणार नाही. आरोपी सुटला. वंशावळकारांना मात्र आयतं साल मिळालं.

आता मोठी जमीन. व्हर्जिनियात स्वखर्चाने एक माणूस आणला की ५० एकरांचा हक्क मिळे. जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर यांनी शंभर माणसांच्या हिशेबाने लिटल हंटिंग क्रीक या ओढ्याजवळची ५,००० एकर जमीन मागितली आणि १६७४ मध्ये ती मिळवली. ही भूमी तिथल्या मूळ रहिवाशांची, डोएग लोकांची होती. कागदात त्यांची आठवण फक्त चतुःसीमेपुरती उरली: एका बाजूला लिटल हंटिंग क्रीक, दुसऱ्या बाजूला एपसेवॅसन हा ओढा.

माणसांच्या या याद्या पाहून हुरळून जाऊ नये. हक्काचे दाखले विकले जात, एकच नाव दोन जणांच्या यादीत चढे, खलाशीसुद्धा मोजले जात, आणि माणूस आल्यावर कित्येक वर्षांनी दाखला वटवला जाई. यादीच्या सालावरून तो माणूस त्या सालच्या आधी केव्हातरी आला, एवढंच म्हणता येतं.

मोजणी पोलांत चाले. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पोलांचा एकर. गंटरची साखळी चार पोलांची, ६६ फुटांची. दाट झाडीत ती ओढताना अडकते, म्हणून पुष्कळ मोजणीदार अर्धी, ३३ फुटांची साखळी वापरत. ही लांबी मराठी वाचकाला ओळखीची वाटावी. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळीही ३३ फुटांचीच. तिचा एक चौरस म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. दोन्हीकडे मोजमाप इंग्रजांचंच होतं.

कागदावर हद्दीची एकेक रेघ अशा धाटणीने असते: उत्तरेपासून पश्चिमेकडे ४० अंश, १८० पोल, खुणेच्या लाल ओकपर्यंत. ती पुन्हा काढायची तर एक पोल अर्धा मिलिमीटर धरावा, कोनमापक लावावा आणि क्रमाने रेघा जोडत जावं. शेवटची रेघ पहिल्या बिंदूला येऊन मिळाली पाहिजे. मिळाली नाही तर बहुधा नक्कल करणाऱ्या कारकुनाने एक ओळ गाळलेली असते किंवा पूर्वेचं पश्चिम केलेलं असतं. एकेका रेघेची दिशा फिरवून पाहावी. तुकडा बंद झाला की चूक सापडली. तरीही आकृती आजच्या नकाशावर तिरकी बसेल, कारण होकायंत्राची उत्तर दर पिढीला सरकते. एका अंशाच्या फरकाने मैलभर अंतरावर सुमारे ९२ फुटांची चूक पडते. ओक तर केव्हाच पडलेला असतो. म्हणूनच १६६२ च्या कायद्याने शेजाऱ्यांनी दर चार वर्षांनी हद्दीवरून चालत जाऊन झाडांवरच्या खुणा ताज्या करायच्या, असं ठरलं. त्या फेऱ्यांच्या नोंदी चर्चच्या वह्यांत मिळतात आणि बांधाला बांध कोणाचा ते सांगतात. शेजाऱ्यांची नावं पाहावीत. सासरे, मेहुणे आणि मृत्युपत्राचे साक्षीदार बहुधा त्यांतच असतात.

कागद कुठं शोधायचा हेही जमीनच ठरवते. हा परिसर आधी वेस्टमोरलँड काउंटीत होता, १६६४ नंतर स्टॅफर्डमध्ये, १७३१ नंतर प्रिन्स विल्यममध्ये आणि १७४२ नंतर फेअरफॅक्समध्ये. जमीन हलली नाही, कचेरी हलत राहिली.

जॉन १६७७ मध्ये वारला. ५,००० एकरांची पुढे स्पेन्सरांशी वाटणी झाली आणि वॉशिंग्टनांकडे २,५०० एकर आले. लॉरेन्सने ते मुलीला, मिल्ड्रेडला दिले. थोरल्या मुलाची ओळ धरून चालणारे इथेच चकतात, कारण मुलगी लग्नानंतर ग्रेगरी झाली आणि नाव कागदातून गेलं. १७२६ मध्ये तिचा भाऊ ऑगस्टीन याने ती जमीन १८० पौंडांना विकत घेतली. त्याच्या थोरल्या मुलाने, दुसऱ्या लॉरेन्सने, तिला आरमारातल्या आपल्या वरिष्ठाचं नाव दिलं: माउंट व्हर्नन. तो १७५२ मध्ये वारला, जमिनीवर विधवेचा हयातभराचा हक्क राहिला, आणि धाकटा सावत्र भाऊ जॉर्ज १७५४ पासून वर्षाला १५,००० पौंड वजनाच्या तंबाखूच्या खंडाने वहिनीचं कूळ झाला. १७६१ मध्ये ती गेल्यावर जमीन त्याची झाली. आजूबाजूचे तुकडे घेत त्याने ती ८,००० एकरांच्या आसपास नेली. १७९९ मध्ये तिथं ३१७ गुलाम होते. त्यांच्या वंशजांनाही शोध याच कागदांत घ्यावा लागतो, पण मालमत्तेच्या यादीत, बैलांच्या आणि नांगरांच्या शेजारी, आणि बहुतेक वेळा आडनावाशिवाय.

जॉर्जला मूल नव्हतं. इस्टेट पुतण्याभाच्यांत वाटली गेली. १८५८ मध्ये वाड्याभोवतीचे उरलेले २०० एकर बायकांच्या एका संस्थेने दोन लाख डॉलरना विकत घेतले, म्हणजे एकरी हजार डॉलर.