त्रिकोण

मंगळवार, रात्र

महालक्ष्म्या उठल्या, सई रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेली आणि जाताना तिचा आयफोन माझ्या हातात ठेवून गेली. "आई, तू आता हाच वापर. तुझा जुना पुढच्या वेळी नेते, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू." मी हो म्हणाले. माझ्या कानातल्याच्या दांडीनं कप्पा उघडून सिमसुद्धा तिनंच बदललं. फोन सुरेख आहे. ज्येष्ठेच्या नथीतले मोती मोजता येतील असे फोटो आलेत. फोनबद्दल माझी काही तक्रार नाही.

आज दुपारी आईनं शेजारच्या काकूंच्या फोनवरून फोन केला. तिचा स्वतःचा दुसऱ्या हातात. "माय, कीर्तन लागंना. इथं एक बाई कायतरी इकायलीय अन् ती जाईच ना." दादा वावरात ई-पीक पाहणीचे फोटो काढायला गेलेला. म्हटलं, "खाली मागं जायचा त्रिकोण आहे बघ, तो दाब."

"न्हाई इथं तिरकोण."

डाव्या हाताला बघ म्हणाले. मग उजव्या हाताला बघ म्हणाले. मग माझं मलाच आठवेना, नक्की कुठल्या.

"तुह्या फोनात बघून सांग की."

माझ्या फोनात काय बघू? यात त्रिकोणच नाही. मागं जायचं तर डाव्या कडेवरून बोट आत सरकवायचं, नाहीतर वर कोपऱ्यातल्या बाणापर्यंत अंगठा ताणायचा. मी गप्प झाले. "राहू दे माय, दादा आल्यावर बघंल," म्हणाली आणि ठेवून दिला.

ते "राहू दे" दुपारपासून कानातून जाईना. चार दिवस झालेत फक्त. पाच-सहा वर्षं रोज शंभरदा दाबलेला त्रिकोण चार दिवसांत विसरले? आईला मुद्दाम माझ्याच कंपनीचा फोन घेऊन दिला होता. अँड्रॉईड म्हटलं तरी सगळे सारखे नसतात, कुणाचा त्रिकोण डावीकडं, कुणाचा उजवीकडं. दोघींचे सारखे असले की मी परभणीत बोट ठेवायचं आणि तिनं तिकडं गावात, त्याच जागी. तिला वाचता येत नाही, खुणा कळतात. तेवढ्यावर आमचं चाललं होतं. ते मी एका "हो"मध्ये सोडून दिलं.

मागच्या वर्षी मी सईला असंच काहीतरी विचारलं होतं. "आई, मला आता अँड्रॉईडचं आठवत नाही गं." किती लागलं होतं तेव्हा. दोन दिवस नीट बोलले नव्हते तिच्याशी. आणि बाबा असते तर... जाऊ दे.

संध्याकाळी स्वयंपाक सोडून वाचत बसले. त्रिकोण, गोल, चौकोन या खुणा अँड्रॉईडमध्ये २०१४ ला आल्या. आयफोननं २०१७ च्या मॉडेलपासून खालचं गोल बटण काढायला सुरुवात केली. २०१९ पासून अँड्रॉईडमध्येही बटणांशिवाय, नुसतं बोट सरकवून चालवायची सोय झाली. म्हणजे मी अँड्रॉईड धरून बसले असते तरी आईचा पुढचा फोन असाच आला असता. आणि मी काय जन्मापासून अँड्रॉईडवाली होते? पहिला स्मार्टफोन विंडोजचा, रंगीत चौकोनांचा. ३१ डिसेंबर २०१९ ला त्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं म्हणून तो ठेवला. तेव्हाही पंधरा दिवस अंगठा चुकीच्या जागी जायचा. मग बसला. आताही बसेल. सईचाही असाच बसला असणार, तिला मुद्दाम विसरायचं थोडंच होतं.

मग कपाटातून जुना फोन काढला, चार्जिंगला लावला, वायफायवर तेच कीर्तन लावलं. आई आडवा धरते तसा आडवा धरला. बघते तर त्रिकोण नाहीच! पूर्ण पडद्यावर व्हिडिओ असला की तिन्ही खुणा लपतात. बोट कडेवरून आत ओढलं की येतात, आणि फोन आडवा असल्यामुळं खाली येत नाहीत, बाजूला एकाखाली एक उभ्या राहतात. मी दुपारभर तिला "खाली, खाली" करत होते आणि तिच्या खाली काहीच नव्हतं. ती बरोबर सांगत होती. मी विसरले नव्हते, माझ्यासमोर तो फोन नव्हता.

सईला मेसेज टाकला, जुना फोन द्यायचा नाही. सिम राहू दे आयफोनातच, शाळेची कामं यावर पटापट होतात. जुना स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी, कायम चार्ज केलेला.

नऊ वाजता काकूंच्याच फोनवर आईला बोलावून घेतलं. जुना फोन मांडीवर आडवा ठेवला आणि म्हटलं, "आई, उजव्या कडेवरून बोट आत ओढ. हळू."

"थांब, चष्मा आणते."

मी थांबले.