९८ वरून ७६
कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये धूळ खात पडला होता. आज रात्री तो बोटाला लावून बसलो. दादरहून विरार लोकलने उभ्याने आलो होतो, पल्स ९८. डोळे मिटून ‘शांत हो, शांत हो’ म्हटलं, तर १०१! (मनाला हुकूम चालत नाही, घरात माझा चालत नाही तसाच.)

मग नुसते श्वास मोजले. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. आकडा झोके घेत उतरू लागला. श्वास घेताना थोडा वर, सोडताना खाली. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नर्व्ह (मेंदूतून हृदयापर्यंत येणारी नस) हृदयाला ब्रेक लावते हे वाचलं होतं, पण ते बोटावर बघण्यात वेगळीच गंमत. दहा मिनिटांनी ७६. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, लगेच ८३.

आई बाजूला जप करत होती. तिच्या बोटाला लावला, ६८. म्हणाली, "त्यात काय एवढं? माळ ओढताना श्वास आपोआप लांबतो रे."

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच छापून आलंय. ख्रिस्ती जपमाळेची (रोझरीची) प्रार्थना आणि मंत्र, दोन्हींनी श्वास मिनिटाला ६च्या आसपास येतो. आईला सांगितलं. तिने ‘हं’ केलं आणि ऑक्सिमीटर स्वतःच्या उशाशी ठेवून घेतला.