चष्मा खिशातच होता

माझ्याकडे अकरा पानांची एक कथा होती. नऊ वर्षांच्या अबोल्यानंतर मुलगा बापाकडे येतो. घर विकायचं आहे, कागदावर बापाची सही हवी आहे. बाप कागद हातात घेतो, मागेपुढे करून बघतो आणि म्हणतो, "चष्मा सापडत नाहीये. वाचता येत नाही." दोघं मिळून चष्मा शोधायला लागतात. उशीखाली, कपाटात, खिडकीत. शोधता शोधता मुलाला दिसतं, चष्मा बापाच्या सदऱ्याच्या खिशातच आहे. तो काही बोलत नाही. आणखी थोडा वेळ शोधत राहतो. मग म्हणतो, "राहू द्या. पुढच्या खेपेला बघू." कथा तिथं संपते.

ही कथा लिहायला मला तीन आठवडे लागले. तिची कादंबरी करण्यात पुढची साडेतीन वर्षं गेली, आणि ती कादंबरी झालीच नाही.

गेल्या महिन्यात नव्यानं लिहू लागलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "ताई, मी कथा लिहू की कादंबरी?" तेव्हा मी तिला धड उत्तर दिलं नाही. साडेतीन वर्षांचं ओझं चार वाक्यांत कसं सांगणार? म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात अशी झाली. कथासंग्रहाचं हस्तलिखित घेऊन मी एका प्रकाशकांकडे गेले होते. त्यांनी ते मनापासून वाचलं होतं, हे बोलण्यावरून कळत होतं. म्हणाले, "कथा चांगल्या आहेत, पण संग्रह खपत नाहीत. कादंबरी असेल तर घेऊन या." आणि मी उठत असताना ते म्हणाले, "ती चष्म्याची कथा आहे ना, तिच्यात कादंबरी आहे. नऊ वर्षं ते का बोलले नाहीत, ते लिहा."

मला ते लागलं आणि पटलंही. पटलं, कारण माझ्या मनात एक समजूत आधीपासूनच घर करून होती: कथा म्हणजे सराव, कादंबरी म्हणजे खरं काम. आधी कथेवर हात बसवायचा आणि मग मोठ्या कामाला लागायचं. ही समजूत फार जणांची असते. अ‍ॅलिस मन्रो या कॅनेडियन लेखिकासुद्धा सुरुवातीला असंच मानत होत्या. घर आणि लहान मुली सांभाळताना सलग वेळ मिळत नाही, म्हणून तोवर कथा. वेळ मिळाला की कादंबरी. ती कादंबरी काही त्यांच्या हातून नीट उभी राहिली नाही. त्या कथाच लिहीत राहिल्या आणि २०१३मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते कथाकार म्हणूनच. आपल्या जी. ए. कुलकर्णींनी स्वतःची एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही. त्यांच्या काही कथा लांबीनं पार लघुकादंबरीच्या उंबरठ्यापर्यंत जातात, पण उंबरठा ओलांडत नाहीत. अर्जेंटिनाचे कथाकार बोर्हेस यांनी तर १९४१मध्ये एका संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं की, जी कल्पना काही मिनिटांत तोंडी सांगता येते तिच्यावर पाचशे पानं खर्च करणं हा दमवणारा वेडेपणा आहे. त्याऐवजी ते पुस्तक आधीच लिहिलं गेलंय असं समजावं आणि त्याचा सारांश द्यावा. हे सगळं मला तेव्हा ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि प्रकाशकांच्या जिन्यावरून हस्तलिखित छातीशी धरून उतरणं वेगळं.

मी लिहायला बसले. नऊ वर्षांच्या अबोल्याचं कारण शोधलं. कारण सापडलं की त्याच्या मागचं कारण. बापाचं तरुणपण, आईचं आजारपण, मुलाचं शिक्षण अर्धवट सुटणं, पैशावरून झालेलं एक भांडण. दोनशे चाळीस पानं झाली. प्रसंग वाईट नव्हते. आईच्या आजारपणाची तीस पानं आजही मला आवडतात. पण दोनशे एकतिसाव्या पानावर मुलगा सहीसाठी दारात उभा राहिला, चष्म्याची शोधाशोध सुरू झाली, चष्मा खिशात दिसला, आणि काहीच झालं नाही. मी तो प्रसंग सहा वेळा लिहिला. प्रत्येक वेळी तो कोरडाच.

कारण समजायला मला बराच काळ लागला. अकरा पानांत वाचकाला भांडणाचं कारण माहीत नसतं, त्यामुळे तो कोणाची बाजू घेऊ शकत नाही. त्याच्यासमोर फक्त दोन माणसं एका खोलीत, न हरवलेली वस्तू शोधत असतात. दोनशे तीस पानांनंतर वाचक न्यायाधीश झालेला असतो. बापाचं कुठं चुकलं, मुलाचं कुठं, याचा हिशेब त्यानं मांडलेला असतो. मग चष्मा हा त्या हिशेबातला एक पुरावा होतो. माझ्या कथेचा जीव न सांगितलेल्या नऊ वर्षांत होता, आणि मी तीच नऊ वर्षं सांगत सुटले होते.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फच्या मिसेस डॅलोवे या नायिकेचा प्रवास मी त्या काळात पुन्हा बारकाईनं पाहिला. १९२३मध्ये ती एका कथेतून आली. कथेत ती हातमोजे विकत घ्यायला बाहेर पडते. १९२५मध्ये कादंबरी आली, आणि तिच्यात ती फुलं आणायला निघते. पण खरा बदल हातमोज्यांचा आणि फुलांचा नाही. कादंबरीत सेप्टिमस आला. युद्धावरून परतलेला, मनानं मोडलेला तरुण. तो आणि मिसेस डॅलोवे एकदाही भेटत नाहीत. त्याच्या मृत्यूची बातमी तिच्या मेजवानीत येऊन पोचते, एवढाच त्यांचा संबंध. त्या कथेला ज्याचा पत्ताही नव्हता, असा माणूस कादंबरीत चालत आला आणि त्यानं अर्धी जागा घेतली.

हे वाढणं. माझ्या दोनशे चाळीस पानांत असं कोणीही आलं नव्हतं. त्याच दोन माणसांची स्पष्टीकरणं आली होती. ते फुगणं होतं.

लांबीच्या आकड्यांवरून यातलं काही ठरत नाही, हेही सांगून टाकते, कारण त्या मुलीचा पुढचा प्रश्न "किती शब्द झाले की कादंबरी म्हणायची?" हाच होता. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७च्या व्याख्यानांत ५०,००० शब्दांची रेघ ओढली. अमेरिकेतल्या नेब्युला या विज्ञानकथांच्या पुरस्कारासाठी ७,५०० शब्दांच्या आत लघुकथा, १७,५०० पर्यंत दीर्घकथा, ४०,००० पर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीला जिथं तीन शब्द लागतात तिथं आपलं "घरात" एका शब्दात भागतं. त्यामुळे हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागूही होत नाहीत. स्पर्धेला पाठवायचं असेल तर आकडे पाहावेत, लिहायला बसताना नाही.

मला उत्तर सापडलं ते दुसऱ्या एका कथेत, जी माझ्याकडून कथा म्हणून कधीच जमली नव्हती.

तिची नायिका चौदा वर्षांची असताना एका दुपारी दार वाजतं. एक अनोळखी माणूस तिच्या मोठ्या बहिणीची चौकशी करतो. हिला खेळ सोडून उठावं लागल्याचा राग आलेला असतो. "ती इथं राहत नाही," असं सांगून ती दार लावून घेते. दहा मिनिटांत विसरूनही जाते. चाळीस वर्षांनी तिला कळतं, तो माणूस का आला होता, आणि त्या एका वाक्यानं बहिणीचं आयुष्य कुठल्या कुठं गेलं.

ही कथा मी चार वेळा लिहिली. वीस पानं, सव्वीस पानं, एकदा चौदा. वाचणारा प्रत्येक जण शेवटी हेच म्हणायचा, "दारातला माणूस परत येणार हे माहीतच होतं." मी तो प्रसंग लहान केला, दोन मोठ्या प्रसंगांमध्ये दडवला, एका ओळीवर आणला. उपयोग झाला नाही. कथेचा वाचक हातात आलेली कोणतीही गोष्ट खाली ठेवत नाही. त्याला ठाऊक असतं, जागा थोडी आहे, म्हणजे जे आहे ते कामाचं आहे.

एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन कथाकारानं १८४२मध्येच यावर लिहिलं होतं. कथा एका बैठकीत वाचून व्हावी, अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत, कारण मध्ये उठलं की बाहेरचं जग आत शिरतं आणि एकसंध परिणाम मोडतो. मी हे अनेकदा वाचलं होतं, पण कथेच्या बाजूनं. कादंबरीच्या बाजूनं वाचलं नव्हतं. कादंबरीत बाहेरचं जग शिरतंच. वाचक ती पंधरा दिवस, महिनाभर वाचतो. मध्ये त्याची झोप होते, कामं होतात, भांडणं होतात, एखादा ताप येऊन जातो. पान चाळीस त्याच्या आठवणीतून पुसट होत जातं. पो ज्याला नुकसान म्हणतो, ते कादंबरीकाराचं हत्यार आहे.

दाराच्या कथेतली मुलगी खोटं बोलून विसरते. वाचकही ते विसरला पाहिजे. चाळीस वर्षांनी तिला आठवेल तेव्हा त्यालाही आठवलं पाहिजे आणि पोटात खड्डा पडला पाहिजे, की अरे, हे तर माझ्यासमोर घडलं होतं आणि मीही लक्ष दिलं नव्हतं. त्यासाठी मध्ये खरीखुरी पानं हवीत, खरे दिवस हवेत. वीस पानांत कोणी काही विसरत नाही.

चष्म्याच्या कथेचं बरोबर उलट. तिथं वाचकाच्या हातून काहीही निसटून चालत नाही. बाप पहिल्यांदा खिसा चाचपतो तेव्हापासून शेवटच्या "पुढच्या खेपेला" पर्यंत सगळं एकाच वेळी नजरेसमोर असायला हवं.

म्हणून आता एखादं कथाबीज हातात आलं की मी स्वतःला एकच विचारते: यातलं काही वाचकानं विसरायला हवं आहे का? हवं असेल तर कादंबरीची तयारी. नसेल तर ती कथा आहे, कितीही माणसं असोत आणि कितीही वर्षांचा पसारा असो. ही माझी कसोटी आहे. दुसऱ्या कोणाची वेगळी असेल. पण कसोटी मजकुराला लावायची, स्वतःला नाही, हे मात्र मी ठामपणे सांगेन. "मी कथाकार की कादंबरीकार" या प्रश्नानं माझी साडेतीन वर्षं खाल्ली.

लिहिणाऱ्याच्या वेळेचं काय, असंही त्या मुलीनं विचारलं होतं, आणि तो प्रश्न खरा आहे. रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकारानं एका निबंधात मोकळेपणानं सांगितलंय की, पदरात लहान मुलं आणि पोटापाण्याची धावपळ असताना आज रात्री किंवा फार तर उद्या रात्री संपेल असंच काही तो लिहू शकत होता. कथा डोक्यात मावते. चालताना, रांगेत उभं असताना तिचं एखादं वाक्य फिरवता येतं. कादंबरी डोक्यात मावत नाही. आठ दिवस खंड पडला की मला तिच्यात परत शिरायला तीन दिवस लागतात. कोण कधी जन्मलं, कोणाचा कोणता गुडघा दुखतो, कोणत्या खोलीला दोन दारं आहेत, यासाठी मी वेगळी वही ठेवली आहे, कारण मध्यंतरी मीसुद्धा विसरते.

आणि एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. साडेतीन वर्षांत मी एकही शेवट लिहिला नाही. त्याआधी वर्षाला सहा-सात कथा लिहीत होते, म्हणजे सहा-सात वेळा शेवटाशी झुंजत होते. कुठं थांबायचं, कोणतं वाक्य छाटायचं, हे शेवटाशीच शिकता येतं. कादंबरी सोडून पुन्हा कथेकडे आले तेव्हा हात अक्षरशः आखडलेला होता. पहिल्या तीन कथांचे शेवट मी दोन-दोन परिच्छेद उशिरा केले होते. म्हणून त्या मुलीला एवढं तरी नक्की सांगायचं आहे: कादंबरी हातात घेतलीस तरी अधूनमधून एखादी कथा पुरी करत राहा. मीही आता तेच करते.

चष्म्याची कथा पुन्हा अकरा पानांवर आली आहे. साडेअकरा म्हणा, आईच्या त्या तीस पानांतलं एक वाक्य मी तिच्यात ठेवलंय. बाप कपाट उघडतो तेव्हा आतून औषधांचा वास येतो, एवढंच.

दाराच्या कथेची कादंबरी सुरू आहे. तिच्यात दोन माणसं अशी आली आहेत की ज्यांची मला दोन वर्षांपूर्वी कल्पनाही नव्हती. एक दूरचा मामा आणि बहिणीच्या कचेरीतली एक टंकलेखिका, जिनं तिसरं प्रकरण जवळजवळ बळकावलंच. पहिली एकशे साठ पानं गेल्या आठवड्यात मी माझ्या जुन्या मैत्रिणीला वाचायला दिली. ती फार सावकाश वाचते, तिनं नऊ दिवस घेतले. काल तिचा फोन आला. तासभर बोलली. मामा तिला खूप आवडलाय. टंकलेखिकेचं पुढं काय होणार, हे तिनं दोनदा विचारलं. बहिणीचं आयुष्य असं कडेला का पडत गेलं, तिला कोणी कधी विचारलंच कसं नाही, असं म्हणून हळहळली. दारात आलेल्या माणसाबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

मीही बोलले नाही.